गंज, कागद आणि कायदा : जुन्या पिस्तुलाची किंमत कशी ठरते?

खंडेनवमीला घरातली हत्यारे पुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू-फुले वाहायची, ही रीत मुलुंड-बोरिवलीच्या फ्लॅटमध्येही टिकून आहे. बहुतेक घरांत पाटावर सुरी, कोयता, पाना, पक्कड एवढेच येते. क्वचित एखाद्या घरी पूर्वजांची तलवार निघते आणि त्याहून क्वचित परवान्यावर सांभाळलेले जुने पिस्तूल.

आता एक कोडे. एकाच कंपनीची, एकाच वर्षी बनलेली दोन पिस्तुले समोर आहेत. पहिले दर दसऱ्याला घासूनपुसून लखलखीत केलेले. दुसरे काळपट, कडांपाशी रंग उडालेला, मुठीवर बारीक ओरखडे. दोन्ही सारखीच चालतात. जाणकार संग्राहक जास्त पैसे कोणत्याला देईल? उत्तर आहे, दुसऱ्याला. आणि दोन्हींच्या किमतीत फरक थोडाथोडका नसतो.

दुसरे कोडे याहून अवघड. कोल्ट कंपनीने १८७३ पासून जे 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हर बनवले, त्याचे नग लाखांनी निघाले. त्यांतलेच एक ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ६० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्याला सोने मढवलेले नव्हते की रत्ने जडवलेली नव्हती. मग एवढे मोल कशाचे?

दोन्ही कोड्यांचे उत्तर एकच आहे. जुन्या पिस्तुलाची किंमत त्याच्या लोखंडात फारशी नसते, पुराव्यात असते. वस्तू मुळात जशी होती तशीच आहे याचा पुरावा, ती कोणाच्या हातून कोणाकडे आली याचा पुरावा आणि ती बाळगण्याचा हक्क आपल्याला आहे याचा पुरावा. हे तीन पुरावे नीट समजले की भाव का चढतो आणि का कोसळतो, तेही समजते.

हत्यार म्हणून किंमत, संग्रहाची वस्तू म्हणून किंमत

प्रत्येक पिस्तुलाला दोन किमती असतात. एक हत्यार म्हणून. ते चालते का, त्याची काडतुसे मिळतात का, भरवशाचे आहे का, यावर ती ठरते. दुसरी संग्रहाची वस्तू म्हणून. ती दुर्मिळता, अस्सलपणा आणि इतिहास यांवर ठरते. पिस्तूल जुने होत जाते तशी पहिली किंमत उतरते. दुसरी मात्र लगेच चढत नाही. मधली कित्येक वर्षे वस्तू नुसतीच 'जुनी' असते आणि तिला कोणी विचारत नाही. पुष्कळ वस्तू याच काळात भंगारात जातात, आणि त्या गेल्यामुळेच उरलेल्या पुढे दुर्मिळ होतात.

तंत्र बदलले की हे कसे घडते ते पाहू. सुरुवातीच्या बंदुकीत जळती वात दारूला लावून बार काढत. ती तोड्याची बंदूक. पुढे चकमक आली. घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा बसवायचा, तो पोलादी पट्टीवर आपटला की ठिणगी पडून दारू पेट घेई. १८०७ साली अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या वापराचे पेटंट घेतले आणि त्यातून तांब्याच्या टोपीची पद्धत निघाली. ठिणगीची भानगड संपली, पावसातही बार उडू लागला. १८३६ मध्ये सॅम्युअल कोल्टने फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट घेतले. मग गोळी, दारू आणि टोपी एकाच धातूच्या नळकांड्यात भरलेले काडतूस आले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ब्राउनिंगची आपोआप पुढची गोळी भरणारी पिस्तुले बेल्जियमच्या एफएन कारखान्यातून बाहेर पडू लागली.

प्रत्येक टप्प्यावर मागचे हत्यार काही वर्षांत निकामी ठरले. टोपीची पद्धत आली तेव्हा अनेकांनी आपली चकमकीची पिस्तुले कारागिराकडून टोपीची करून घेतली. त्या काळी तो शहाणपणाचा व्यवहार होता. पण त्यामुळे न बदललेली चकमकीची पिस्तुले कमी उरली आणि आज संग्राहक साधारणपणे त्यांनाच अधिक मोल देतात. त्या काळी ज्या मालकाने सुधारणा केली नाही, त्याची वस्तू आज महाग आहे.

घासल्याने नेमके काय जाते?

लोखंडावर दोन प्रकारचे थर चढतात. एक आपल्या परिचयाचा तांबडा गंज. तो सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आतले लोखंड खात जातो. दुसरा निळसर काळा. तोही लोखंड आणि प्राणवायू यांचाच संयोग आहे, पण घट्ट आणि धातूला चिकटून बसणारा. कारखान्यात हा थर मुद्दाम चढवतात. त्याला ब्लूइंग म्हणतात. जुन्या रीतीत नळीवर आधी हलका गंज आणत, ती उकळत्या पाण्यात घालत, तांबडा थर काळा झाला की ब्रशने घासत आणि हाच क्रम पुन्हा पुन्हा करत. कारागिराचे कित्येक दिवस त्यात जात.

पितळेची समई घासायची पावडर किंवा सँडपेपर या थरावर फिरला की तो निघून जातो, कारण तो अगदी पातळ असतो. पांढरे लोखंड चमकू लागते आणि घरच्यांना वाटते, वस्तू नवी झाली. प्रत्यक्षात तीन गोष्टी गेलेल्या असतात. मूळचा थर गेला, नळीच्या धारदार कडा गोल झाल्या आणि लोखंडावर ठोकलेले बारीक शिक्के पुसट झाले. भारतीय कारागिरीच्या पिस्तुलावर कोफ्तगिरी असेल, म्हणजे लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसवलेली नक्षी असेल, तर तीही झिजते. नवा थर चढवता येतो, पण तो नवा आहे हे भिंगातून दिसते. थर कडांवरून वाहिल्यासारखा दिसतो, अक्षरांच्या खाचा भरलेल्या असतात.

उपनगरांत राहणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, ती हवेची. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचे गंजणे झपाट्याने वाढते आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवा त्याच्या कितीतरी वर असते. त्यात समुद्रावरून येणारा खारटपणा. पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवणे सुरक्षित वाटते, पण चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये धातूला बाधतात. चामड्याखाली उठलेले गंजाचे डाग कित्येक जुन्या पिस्तुलांवर म्यानाच्या शिवणीच्या रेषेत दिसतात. म्यान जपावे, त्यालाही मोल आहे, पण वेगळे. पिस्तुलाला मऊ कापडाने तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. याहून जास्त काही करू नये.

भिंगाखाली काय पाहतात?

जाणकाराच्या हाती वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर दिले, तर तो सर्वांत आधी ते रिकामे आहे याची खात्री करतो. मग स्क्रूंकडे पाहतो. खाचा सरळ असतील तर आत कोणी खुडबुड केलेली नाही. खाचा फाकलेल्या असतील तर अडाणी हाताने ते उघडले आहे. त्यानंतर क्रमांक. सांगाडा, नळी आणि चक्र यांवरचे क्रमांक जुळायला हवेत. न जुळणारा क्रमांक म्हणजे तो भाग दुसऱ्या हत्याराचा, आणि तिथेच किंमत खाली येते.

मग शिक्के. इंग्लंडमध्ये बनलेल्या पिस्तुलाची कसोटी स्वतंत्र संस्था घेत असे. नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून नळी फुटत नाही ना ते पाहायचे आणि उतरली तर त्यावर मुकुटाचा शिक्का ठोकायचा. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. दोन्हींचे शिक्के वेगळे आणि काळानुसार बदलत गेलेले, त्यामुळे वस्तू कोणत्या काळातली हे त्यांवरून ठरवता येते. नळीवर विक्रेत्याचे नाव असेल तर आणखी चांगले. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा अशा पेढ्या परदेशी माल आणून आपल्या नावाने विकत. अशा नावामुळे वस्तू भारतात केव्हा आणि कोणत्या मार्गाने आली याचा धागा मिळतो.

साखळी तुटली की भाव तुटतो

आता पुराव्याच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. घाटकोपरच्या एखाद्या जुन्या सोसायटीत एकाच मजल्यावर सारख्या क्षेत्रफळाचे दोन फ्लॅट विकायला आहेत असे समजा. पहिल्याचे बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे करारनामे क्रमाने फायलीत आहेत. दुसऱ्याचा मधला एक करार हरवला आहे. भिंती त्याच, खिडक्या त्याच, तरी दुसऱ्याला बँक कर्ज देताना कां-कू करते आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागते. ऐतिहासिक पिस्तुलाचे नेमके हेच आहे. 'हे अमक्या सरदाराचे' या वाक्याला तेव्हाच किंमत येते, जेव्हा त्या सरदारापासून तुमच्यापर्यंतचा प्रत्येक हात कागदावर दिसतो.

सुरुवातीला सांगितलेले ६० लाख डॉलरांचे रिव्हॉल्व्हर शेरीफ पॅट गॅरेटचे होते. १८८१ मध्ये त्याने 'बिली द किड' या कुख्यात गुन्हेगाराला ठार केले ते याच हत्याराने. पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात गेले होते. गॅरेटच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने ते कोर्टात लढून परत मिळवले. त्या खटल्यामुळे साखळीतली एक कडी कायमची पक्की झाली.

आपल्याकडचे ताजे उदाहरण तलवारीचे आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा पहिले रघुजी भोसले यांची तलवार निघाली. पाते युरोपीय बनावटीचे, म्हणजे आपल्याकडे ज्याला फिरंग म्हणत तसे. अशी पाती मराठेशाहीत पुष्कळ होती. पण हिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव कोरलेले आहे. लिलावापूर्वीचा अंदाज ६ ते ८ हजार पौंडांचा होता, प्रत्यक्षात बोली ३८ हजार पौंडांवर गेली. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. लोखंडाच्या किमतीवर नाव चढले, ते नाव पुसता न येण्यासारखे होते आणि ज्यांच्या दृष्टीने त्या नावाला अर्थ आहे असा खरेदीदार पुढे आला. भाव असा तीन पायऱ्यांनी चढला.

पिस्तुलाच्या बाबतीत नावाचे काम क्रमांक करतो. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली. कंपनीकडे प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकाची नोंद होती. त्यामुळे पुढे कुठेही सापडलेले माउझर त्या पन्नासांतले आहे की नाही, हे नोंदीशी ताडून सांगता येई. आपल्या नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याकरवी पाठवलेल्या २० पिस्तुलांतले होते. उद्या कोणी 'हे त्या विसांतले एक' असे म्हणत पिस्तूल पुढे केले, तर पहिला प्रश्न क्रमांकाचा आणि दुसरा कागदाचा. दोन्ही नसतील तर ते एक जुने ब्राउनिंग आहे, इतकेच म्हणता येते.

भारतातला भाव वेगळा का चालतो?

समजा, १९३५ साली मुंबईतल्या एका कुटुंबाने फोर्टातल्या दुकानातून ३२ बोअरचे वेब्ली रिव्हॉल्व्हर परवान्यावर घेतले. त्याच्या किमतीचा प्रवास पाहू.

पहिली काही दशके ते वापरलेल्या वस्तूसारखे उतरत गेले, कारण नवे मिळत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकारने खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद केली. सवलत राहिली ती नामवंत नेमबाजांसारख्या मोजक्यांना. एका निर्णयाने देशातल्या परदेशी पिस्तुलांची संख्या जणू गोठली. परवाने मात्र निघतच राहिले. नग तेवढेच आणि मागणारे वाढते, त्यामुळे इंग्लंडमध्ये साधे समजले जाणारे वेब्ली भारतात चैनीची वस्तू झाले. ही दरवाढ इतिहासाची नव्हती, टंचाईची होती.

टंचाईचा भाव टंचाई ओसरली की हलतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याने ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले, त्याच बोअरचे 'अशनी' पिस्तूलही सरकारी कारखान्यातून आले. अलीकडे तर वेब्ली नावाचेच रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात बनू लागले. ज्यांना केवळ चालणारे हत्यार हवे होते, त्यांना पर्याय मिळाले. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, वारसाहक्काने आलेल्याही त्यातच धरल्या गेल्या. जादा हत्यार एका वर्षात जमा करायचे होते. अशा वेळी घाईने विकणारे वाढतात आणि किमतीवर दाब येतो.

बोअरचाही प्रश्न आहे. ९ मिमी पिस्तुलासारखी लष्कर-पोलिसांच्या काडतुसांची हत्यारे प्रतिबंधित गटात मोडतात, ती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. ३२ आणि २२ बोअर चालतात. म्हणून परदेशी संग्राहकांना प्रिय असलेले मोठ्या बोअरचे लष्करी रिव्हॉल्व्हर इथे जवळजवळ विकता न येणारे ठरते. शिवाय खरेदीदार परवानाधारकच हवा आणि विकण्यापूर्वी किमान ४५ दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवावे लागते. गिऱ्हाइके मोजकी, व्यवहार संथ. परदेशी लिलावाचा आकडा वाचून मुंबईतल्या पिस्तुलाची किंमत लावणे म्हणूनच चुकीचे आहे.

वयाची शंभरी हा आणखी एक टप्पा आहे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपत्ती कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांची झाली की पुरावस्तू ठरू शकते आणि मग ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपले १९३५ चे वेब्ली २०३५ मध्ये ही रेषा ओलांडेल. त्यानंतर ते चालते असेल तर शस्त्र कायदाही लागू राहील आणि पुरावस्तूचे बंधनही येईल.

'जुने आहे, परवाना कशाला?' हा समज

१९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनाट धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण एका अटीवर. ते हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालता कामा नये. नुसते वय पुरत नाही. कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकांनाही परवाना लागतो, तो याच कारणाने. आपले पिस्तूल सूट मिळण्याजोगे आहे की नाही, हे मालकाने मनाने ठरवू नये. तपासणी करून लेखी घ्यावे. विनापरवाना हत्यार बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि ज्या वस्तूचा ताबाच बेकायदा, तिची बाजारातली किंमत शून्य.

नकलांपासूनही सावध राहावे. सिनेमा-मालिकांसाठी सामान भाड्याने देणारे व्यवसाय अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यात आहेत. तिथल्या शोभेच्या पिस्तुलांत काही गैर नाही, पण अशी वस्तू हातोहात फिरत 'पेशवेकालीन' होऊन बसते. खूण सोपी आहे. साच्यातून ओतल्याची शिवण दिसते, सगळीकडे एकसारखा गंज असतो (खरा गंज हात लागतो तिथे कमी आणि खाचांत जास्त असतो), आधुनिक आट्यांचे स्क्रू असतात आणि इंग्रजी नावाच्या स्पेलिंगात चुका असतात. अस्सल वस्तूंची नजर तयार करायची असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे शस्त्रदालन किंवा पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय निवांत पाहावे.

चौकट : थोडक्यात

• भाव वाढवणाऱ्या गोष्टी : मूळचा थर, जुळणारे क्रमांक, स्पष्ट शिक्के, मूळ पेटी आणि म्यान, सलग कागदपत्रे.
• भाव पाडणाऱ्या गोष्टी : पॉलिश, नवा मुलामा, बदललेले भाग, फाकलेले स्क्रू, कागदाविना सांगितलेला इतिहास.
• टंचाईमुळे चढलेला भाव धोरण बदलले की उतरतो. इतिहासामुळे चढलेला भाव सहसा टिकतो.
• नुसते जुने असणे म्हणजे परवान्यातून सूट नव्हे.

घरात पिस्तूल निघाले तर

उपनगरांत जुन्या चाळी आणि बंगले पुनर्विकासाला जात आहेत. माळे रिकामे होताना ट्रंकांच्या तळाशी काय निघेल सांगता येत नाही. पिस्तूल निघाले तर ते भरलेले आहे असेच समजावे, चाप ओढून पाहू नये, घासू नये आणि पिशवीत घालून कोणाला दाखवायला नेऊ नये. आधी जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची उपनगरे मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात आणि परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. परवानाधारक वारला असेल तर हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाला आपल्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच ट्रंकेतले कागद फेकू नका. परवान्याची जीर्ण पुस्तिका, दुकानाची पावती, आजोबांचा पिस्तुलासह काढलेला फोटो, नूतनीकरणाचे शिक्के हे सगळे एका पाकिटात ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जे आठवते ते आजच लिहून काढा, त्यांची सही आणि तारीख घ्या. पिस्तूल पुढच्या पिढीकडे राहो, विकले जावो की संग्रहालयाला दिले जावो, त्याचे मोल या पाकिटावरच ठरणार आहे.